पालक-शिक्षक संघ आणि शाळा व्यवस्थापन समिती: पालकांचे नेहमीचे प्रश्न

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हे प्रश्न येऊ लागतात. दिवाळीनंतर फीवाढीची कुणकुण लागली की तेच पुन्हा येतात, फक्त आवाज चढलेला असतो. पालकांनी पाठवलेले प्रश्न इथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळांपुरती आहेत.

१. पालक-शिक्षक संघ आणि शाळा व्यवस्थापन समिती ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत का?

नाही. दोन्ही वेगवेगळ्या कायद्यांनी आलेल्या आहेत. शाळा व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायद्यातून आली. हा कायदा २००९ चा असून १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम २१ या समितीबद्दल आहे. पालक-शिक्षक संघ पूर्वीही होते, पण त्यांच्या कार्यकारी समितीला फीबाबत कायदेशीर अधिकार मिळाला तो महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ या कायद्याने. तो प्रत्यक्षात २०१४ मध्ये लागू झाला. अजूनही पुष्कळ पालकांना संघ म्हणजे स्नेहसंमेलनाला खुर्च्या मांडणारं मंडळ वाटतं. हा समज सोडलेला बरा, कारण या समितीतल्या पालकाच्या सहीवर शेकडो घरांची फी ठरते.

२. आमच्या शाळेला यातलं काय लागू होतं?

जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिकेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती, आणि तिला पूर्ण अधिकार. खासगी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेला व्यवस्थापन समितीचं कलम लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ हवा, मग बोर्ड राज्याचं असो, सीबीएसई असो, आयसीएसई असो की आंतरराष्ट्रीय. "आमचं बोर्ड दिल्लीचं आहे, आम्हाला राज्याचा फीचा कायदा लागत नाही" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

खासगी अनुदानित शाळांची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. तिथे दोन्ही असतात, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांमधली व्यवस्थापन समिती फक्त सल्ला देऊ शकते.

३. संघाचं सदस्य व्हायला अर्ज करावा लागतो का?

लागत नाही. शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे पालक आणि शाळेतले सगळे शिक्षक संघाचे सदस्य असतातच. वार्षिक वर्गणी नाममात्र असते. २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांचे पालकही बरोबरीचे सदस्य आहेत. त्यांना सभेची सूचना न देणं किंवा "तुम्ही फी भरत नाही, तुमचा काय संबंध" असं म्हणणं नियमात बसत नाही. इच्छा दाखवावी लागते ती कार्यकारी समितीसाठी.

४. कार्यकारी समितीत कोण असतं आणि निवड कशी होते?

मुख्याध्यापक किंवा प्राचार्य अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक सदस्य. पालक सदस्यांमध्ये निम्म्या महिला असाव्या लागतात. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत संघ स्थापन करायचा आणि मग इच्छुक पालकांमधून सोडत काढायची. मतदान नसतं.

सोडत म्हणजे खरोखरच्या चिठ्ठ्या. इयत्तेप्रमाणे डबे, त्यात इच्छुकांची नावं, चिठ्ठी काढणारं एखादं लहान मूल आणि समोर बसलेले पालक. चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या आहेत का, डब्यात टाकण्याआधी नावं मोठ्याने वाचली का, हे बघायला तुम्ही तिथे असायला हवं. सोडतीनंतर सदस्यांची यादी सूचना फलकावर लागते आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडेही जाते. समितीची मुदत एका वर्षाची असते आणि एकदा सदस्य झालेल्या पालकाला पुढची काही वर्षं सोडतीत उतरता येत नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. तेच चार पालक वर्षानुवर्षं समितीत राहिले की शाळेशी त्यांचं गूळपीठ जमतं आणि बाकीच्यांना समिती आपली वाटेनाशी होते.

५. आमच्याकडे सोडत झालीच नाही. बाईंनी वर्गशिक्षकांकडून "चांगले" पालक निवडून घेतले. हे चालतं का?

चालत नाही. नेमणुकीने बनलेली समिती कायद्यात बसत नाही आणि तिने मंजूर केलेल्या फीवर आक्षेप घेता येतो. पण लगेच भांडायला जाऊ नका. आधी मुख्याध्यापकांना एक साधं पत्र द्या: सोडत कोणत्या तारखेला झाली, सूचना कधी काढली, इच्छुक पालकांची यादी कुठे पाहायला मिळेल. पत्रावर दहा-बारा पालकांच्या सह्या असल्या तर उत्तमच. बऱ्याच शाळा एवढ्यावरच पुन्हा सोडत काढतात. नाहीच काढली तर पुढचा मार्ग प्रश्न १८ मध्ये आहे.

६. जिल्हा परिषदेच्या शाळेत समितीची निवड कशी होते? सरपंच अध्यक्ष असतात का?

सरपंच अध्यक्ष नसतात. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडायचा असतो. समितीत सदस्य सचिव सोडून १२ ते १६ सदस्य असतात. त्यात किमान ७५ टक्के पालक, एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा एक निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणप्रेमी. मुख्याध्यापक सदस्य सचिव. समिती दर दोन वर्षांनी नव्याने निवडायची आणि बैठक दर महिन्याला घ्यायची.

निवड पालकसभेत होते. गावात अनेकदा सभेच्या आधीच "यंदा अमुक वाड्यावरचा अध्यक्ष" असं ठरलेलं असतं. सभेला पंधरा पालक आले तर ते ठरलेलंच होतं. ऐंशी पालक आले की चर्चा होते. महिला सदस्यांची नावं फक्त कागदावर घालून बैठकीला नवऱ्याने बसायचं, ही पद्धत तर मोडलीच पाहिजे. मूल रोज काय खाऊन आलं, कशाला घाबरतं, कोणत्या विषयाला रडतं, हे आईला ठाऊक असतं आणि बैठकीत तेच बोललं जायला हवं.

७. मी दिवसभर कामावर असतो. सामील होऊन माझ्या मुलाला नेमका काय फायदा?

तुमच्या मुलाला वेगळे गुण किंवा पुढचा बाक मिळणार नाही. मिळतं ते असं की शाळेतले निर्णय होण्याआधी कळतात. शाळेत पिण्याचं पाणी नीट आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत ते आहेत का, या गोष्टी एकट्या पालकाने विचारल्या तर "बघतो" असं उत्तर मिळतं. समितीच्या बैठकीत विचारल्या की त्या इतिवृत्तात नोंदल्या जातात आणि पुढच्या बैठकीत "मागचं काय झालं" असं विचारता येतं.

वेळेचं म्हणाल तर संघाच्या कार्यकारी समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा असते. बैठक शनिवारी किंवा संध्याकाळी घ्या, अशी लेखी मागणी करा. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकाला दुपारी बाराची बैठक म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणं, आणि ही अडचण मुख्याध्यापकांसमोर मांडायला संकोच करू नका. समितीत जायचं नसेल तर वर्षातून एकदा होणाऱ्या सर्वसाधारण सभेला तरी जा.

८. फी नेमकी कशी ठरते? समितीला खरंच अधिकार आहे का?

आहे. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव, त्याला आधार असलेल्या हिशेबासह, वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. जूनमध्ये सुरू होणाऱ्या शाळेत हा कागद नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत यायला हवा. समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा. मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं वाढवता येत नाही आणि ती सूचना फलकावर लावावी लागते.

समितीने कमी फी मान्य केली आणि व्यवस्थापनाच्या आकड्याशी १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतं. तिचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात. समजा, शाळेने ७२,००० रुपये सुचवले आणि समितीने ६०,००० मान्य केले, तर हा फरक त्या मर्यादेच्या वर आहे.

आता समितीत बसलेल्या पालकांसाठी थोडं सविस्तर. फी ठरवताना शाळेचं ठिकाण, सोयीसुविधा, शिक्षकांची संख्या आणि पात्रता, त्यांचे पगार, प्रशासन आणि देखभालीचा खर्च, विकासासाठी वाजवी शिल्लक या गोष्टी धरल्या जातात. म्हणून हिशेबाचा कागद हातात आला की सर्वांत आधी पगाराची ओळ बघा. तिथला आकडा शिक्षकांच्या संख्येने भागा आणि तुमच्या मुलाच्या वर्गशिक्षिकेला तेवढा पगार खरंच मिळत असेल का, याचा विचार करा. मग इमारतीचं भाडं कोणाला जातं ते बघा. भाडं घेणारी संस्था आणि शाळा चालवणारी संस्था यांचे विश्वस्त तेच असतील तर भाडं कसं ठरवलं हे विचारायलाच हवं. "इतर खर्च" या ओळीचा तपशील मागा. गेल्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब शेजारी ठेवा. कागद बैठकीतच पहिल्यांदा समोर आला तर "वाचायला वेळ हवा, निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ" असं म्हणा आणि ते वाक्य इतिवृत्तात लिहून घ्या. ३० दिवसांची मुदत याचसाठी आहे.

९. समितीतल्या पालकांनी फीवाढीवर सही केली, पण आम्हा बाकीच्यांना ती मान्य नाही. आता काय?

आधी इतिवृत्त बघा. प्रस्ताव कधी आला, चर्चा झाली का, किती सदस्य हजर होते. समितीच्या रचनेतच दोष असेल तर प्रश्न ५ वाचा. कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्तीने शाळेतल्या किमान २५ टक्के पालकांनी एकत्र येऊन विभागीय समितीकडे दाद मागण्याची सोय केली आहे. दोन हजार मुलांच्या शाळेत इतके पालक गोळा करणं सोपं नाही. ही अट पालकांवर अन्याय करणारी आहे असं माझं ठाम मत आहे, पण आज ती आहे. तेव्हा सह्या गोळा करताना प्रत्येक वर्गातून दोन-तीन पालकांनी जबाबदारी घ्यावी. प्रत्येक सहीपुढे मुलाचं नाव, इयत्ता आणि तुकडी हवी.

मंजुरीपेक्षा जास्त घेतलेली फी शाळेला परत करावी लागते आणि दंडही होऊ शकतो.

१०. फीव्यतिरिक्त मागितल्या जाणाऱ्या पैशांचं काय? देणगी, ठरावीक दुकानातली वह्या-पुस्तकं, सहल?

प्रवेशासाठी देणगी घेणं बेकायदा आहे. राज्याचा कॅपिटेशन फीविरोधी कायदा १९८७ पासून आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कलमात प्रवेशासाठी मुलाची किंवा आई-वडिलांची मुलाखत घेण्यालाही मनाई आहे. ठरावीक दुकानातूनच साहित्य घ्या, अशी सक्ती करता येत नाही, असे शासनाचे आदेश आहेत. सहल ऐच्छिक असते. ॲप, स्मार्ट क्लास, "ॲक्टिव्हिटी" अशा नावांनी जे सगळ्यांकडून सक्तीने घेतलं जातं त्याला मंजुरी कुठे आहे, हे प्रश्न ८ मधल्या कागदावर शोधा.

११. सरकारी शाळेच्या समितीकडे पैसे किती येतात आणि हिशेब कोण बघतं?

समग्र शिक्षा अभियानातून संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येप्रमाणे येतं. छोट्या शाळेला १०,००० रुपये, हजारावर पट असेल तर १,००,००० पर्यंत. त्यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. खर्च समितीच्या मंजुरीने होतो आणि अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणं हे कायद्यानेच समितीचं काम आहे. कॅशबुक आणि पावत्या बघायला मागणं म्हणजे मुख्याध्यापकांवर अविश्वास दाखवणं नव्हे. बहुतेक मुख्याध्यापकांना कुणीतरी सोबत बसून हिशेब तपासला तर हायसंच वाटतं.

याच समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, तीन वर्षांचा आणि त्यात दरवर्षीचा वेगळा. पट किती होईल, शिक्षक किती लागतील, कोणती खोली गळते, रॅम्प कुठे हवा. आराखड्यात नसलेल्या कामासाठी पुढे पैसे मागताना अडचण येते, म्हणून तो तालुक्याच्या एका नमुन्यावरून उतरवून काढू देऊ नका.

१२. पोषण आहाराची चव पालकांना घेता येते का?

घेता येते आणि घ्यावीच. मुलांना वाढण्याआधी अन्न चाखून चव नोंदवहीत नोंद करायची असते. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० आणि २० ग्रॅम. पालकाने हे आकडे मोजायचे नाहीत, पातेल्यात डाव फिरवून बघायचं. खिचडीत मटकी किंवा तूरडाळ डावात येते का, की नुसता पिवळा भात आहे? तांदूळ निवडलेला आहे का? शेवटच्या पंगतीतल्या मुलांना पुरेसं उरतं का? नोंदवहीत रोज एकाच हस्ताक्षरात "चव चांगली" असेल तर प्रत्यक्ष कुणी चाखत नसावं. आठवड्याचे वार पालकांमध्ये वाटून घ्या. स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन थकलं असेल तर तेही बैठकीत मांडा, कारण जेवण कसं मिळणार हे त्यावरही अवलंबून असतं.

१३. गणवेश आता कोण देतं?

२०२४-२५ मध्ये राज्याने "एक राज्य, एक गणवेश" म्हणून कापड खरेदी एकत्र केली. गणवेश उशिरा आले, मापं चुकली, आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं गेलं. त्यामुळे कापड, शिलाई आणि दर याबद्दल आता तुमच्याच समितीला विचारा.

१४. स्कूल बस आणि दप्तर हे संघाचे विषय आहेत का?

आहेत. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी असतो. बसची कागदपत्रं, महिला सहायक, थांबे आणि भाडं हे तिथे बोलायचं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. ३० किलोच्या मुलाचं दप्तर ३ किलोपर्यंत. एखाद्या सकाळी फाटकाशी वजनकाटा ठेवा आणि आकडे बैठकीत वाचून दाखवा.

१५. मी बोलले तर माझ्या मुलावर राग निघेल. ही भीती खोटी आहे का?

खोटी नाही. सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात. कायदा तुमच्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही. कलम १६ नुसार आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण वर्गात टोमणा मारला गेला तर तो कोणत्या कागदावर दिसणार?

म्हणून एकट्याने बोलू नका. प्रश्न इयत्तेचा म्हणून मांडा: "चौथीतल्या पालकांचं म्हणणं आहे की". पत्रावर सह्या वर्तुळात घ्या, म्हणजे पहिली सही कुणाची हे कळत नाही. ज्यांचं मूल शेवटच्या वर्षात आहे त्यांनी पुढे व्हावं. आणि घरी मुलासमोर शिक्षकांबद्दल वाईट बोलू नका. ते वर्गात पोहोचतं आणि त्याचा भार मुलावर पडतो. टोमणे सुरू झालेच तर तारीख आणि शब्द लिहून ठेवा.

१६. समितीला शिक्षकाची बदली करता येते का?

नाही. नेमणूक, बदली, शिस्तभंग यांचे अधिकार समितीला नाहीत. शिक्षक नियमित येतात का यावर लक्ष ठेवणं आणि रिक्त पदाबद्दल ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवणं एवढं करता येतं. तो ठराव दर बैठकीत पुन्हा करा. लैंगिक छळाची किंवा मारहाणीची बाब असेल तर समितीच्या बैठकीची वाट पाहू नका, सरळ पोलिसांकडे जा किंवा चाइल्डलाइनच्या १०९८ क्रमांकावर फोन करा.

१७. आम्ही ऊसतोडीला जातो. मुलं गावात आजीकडे असतात. समितीत आमच्या वतीने आजीला बसता येईल का?

शिक्षण हक्क कायद्यात आई-वडिलांबरोबर पालनकर्त्यालाही स्थान आहे, म्हणजे ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आहे ती व्यक्ती. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत मूल आजीजवळ असेल तर निवडीच्या सभेत आजीचं नाव पालक म्हणून सुचवा. बीडसारख्या जिल्ह्यांत ही नुसती सोय राहत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं शाळा व्यवस्थापन समितीमार्फतच चालवली गेली आहेत. किती मुलं मागे राहणार याची यादी टोळ्या निघण्याआधी व्हायला हवी आणि ती समितीशिवाय कुणी नीट करू शकत नाही. अशा गावात समितीत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची माणसं नसतील तर यादी अपुरी राहते आणि मुलं फडावर जातात.

वाचता येत नसेल तर अडचण नाही. इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, मगच सही किंवा अंगठा द्या. शेवटची ओळ आणि सह्या यांच्यामध्ये कोरी जागा असेल तर तिथे तिरकी रेघ मारून घ्या.

१८. तक्रार कुणाकडे आणि कोणत्या क्रमाने करायची?

आधी मुख्याध्यापकांना लेखी. मग सरकारी शाळेसाठी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, खासगी शाळेसाठी शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे दिली तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा, आणि नाराज असाल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. फीचं प्रकरण वेगळ्या वाटेने जातं, ते प्रश्न ९ मध्ये आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेचे कागद माहिती अधिकारात थेट मागता येतात. विनाअनुदानित शाळेने शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलेले कागद त्यांच्या कार्यालयातून मागा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मजकूर तक्रार धरला जात नाही. दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा.